ओ

मी ओ दिली, आणि मग कळलं की हाक मला नव्हतीच. दुपारची जेवणं आटपली होती. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात श्रीविद्या, माझी एकुलती एक लेक, जर्मनीतल्या कुठल्याशा खोलीत ओल्या केसांनी कॉफी पीत बसली होती. इकडे जमिनीवर मी. माझ्यापुढे तिचं कुत्रं. कुत्र्याला मागून कवेत धरून बसलेले माझे यजमान, अनिरुद्धराव. माझ्या हातात कुत्र्याच्या डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली, आणि ते असं डोकं झाडत होतं की थेंब यजमानांच्या चष्म्यावर, माझ्या मनगटावर, भिंतीवर, सगळीकडे पडत होते, डोळा सोडून. तेवढ्यात फोनमधून आमच्या तंजावुरी मराठीत मोठ्यानं हाक आली, "आई! आई येथें अहे, पाहा!" मी मान वर केली. "ओ," म्हटलं, "काय गं?" पोटातून आली ती ओ. विचार करायला सवड मिळाली असती तर गिळली असती. श्रीविद्या हसली. "तुला नव्हे अम्मा. पट्टाणीला सांगटलं. मी त्याची आई नव्हे का? आई म्हणटलं की गप बैसतो तो, पाहा." आणि खरंच ते गप्प झालं होतं. फोनकडे तोंड करून, कान उचलून, एक डोळा गोटीसारखा काळा आणि दुसरा शिळ्या पेजेसारखा पांढुरका, असं ते आपल्या आईला शोधत होतं. थेंब सोडायची हीच वेळ होती. माझा हात हलला नाही. "घाल, घाल, सीक्रम, लवकर!" यजमान ओरडले. तोवर त्यानं पुन्हा मान झाडली.

श्रीविद्या फोन ठेवून कामाला गेली. यजमान चष्मा धुवायला गेले. मी परसातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासत उभी राहिले, भांड्यांचा साबण घेऊन, अंगाचा नव्हे. वास जाईना. कुत्र्याचा वास वेगळा असतो, ओल्या गोणपाटासारखा, त्याची आता सवय झाली होती. हा दुखऱ्या डोळ्याचा वास होता, आंबलेला, गोडसर, आणि तो नखांत शिरून बसला होता. पण वासापेक्षा ती ओच मला जास्त खुपत होती. रस्त्यात कुणी भलत्यालाच हाक मारतं, आपण वळून बघतो, होतं असं माणसाचं. हसायचं आणि पुढं जायचं. पण मी नुसती वळले नव्हते. मी ओ दिली होती, आणि पोरीनं ती परत केली होती, चुकून आपल्या घरी आलेलं शेजाऱ्याचं कुरियर परत करावं तशी, अगदी हसतमुखानं. मला एका कुत्र्याचा मत्सर वाटला. मत्सर वाटला याची किळस आली. मी पुन्हा साबण घेतला.

पट्टाणी म्हणजे तमिळमध्ये वाटाणा. अंगाचा रंग सुक्या वाटाण्याचा, म्हणून श्रीविद्यानं बंगळूरला हे नाव ठेवलं. पग जातीचं कुत्रं: जन्मतःच दारावर आपटल्यासारखं चपटं तोंड, त्यावर घड्या, घड्यांत कायमची ओल, आणि दोन डोळे असे बाहेर आलेले की शिंकलं तर गळून पडतील. कंपनीनं तिला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं तेव्हा टॅक्सी करून ती त्याला तंजावूरला घेऊन आली, सोबत त्याची गादी, त्याचा टॉवेल, त्याचा खाऊ, आणि आमच्या पायांवर त्याला ठेवून गेली. मला कुत्र्यांची भीती नाही. किळस आहे. भीती परवडली, भीतीत थोडा मान तरी असतो. हे दिवसभर घोरतं, जागेपणीसुद्धा. पाणी पितं त्यातलं निम्मं जमिनीवर, त्यात लाळेची तार, आणि ती तार ओढत ते घरभर फिरतं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही एवढं मी त्याला पहिल्याच दिवशी केरसुणीच्या मुठीनं समजावलं. आमच्या घरात पाण्याचा पेला ओठाला लावत नाहीत. तोंड वर करायचं आणि वरून धार सोडायची, ना पेला ओठाला, ना थेंब गळ्यावर. ओठ लागला की ते एच्चल, म्हणजे उष्टं, मग पेला घासायला जातो. श्रीविद्या चालायला लागली तशी मी तिला हे शिकवलं. तिला ठसका लागायचा, नाकातून पाणी यायचं, तरी शिकवलं. आता तीच पोरगी बंगळूरच्या घरात आपल्या ताटलीतली इडली या जनावराला एका टोकानं चावू देते आणि उरलेली आपण खाते. मी डोळ्यांनी पाहिलंय. बोलले नाही. लेकीच्या घरी आईनं पाहुण्यासारखं राहावं, तोंड जेवणापुरतंच उघडावं, असं आमच्यात म्हणतात.

डोळ्याचं झालं ते आमच्याच परसात. लिंबाच्या झाडाखाली सरड्यामागं धावलं आणि काटा लागला. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला पुढं नाक नसतं, म्हणून जे काही लागायचं ते आधी डोळ्याला लागतं, असं डॉक्टर कृष्णस्वामी म्हणाले. त्यांनी त्या डोळ्यात कसलंसं हिरवं पाणी घातलं, दिवा मारला आणि मला जवळ बोलावलं. मला बघायचं नव्हतं. बुबुळावर एक खळगा होता, हिरव्या रंगानं भरलेला, आणि त्याच्या कडा पाण्यात पडलेल्या अप्पळासारख्या, म्हणजे पापडासारख्या, विरघळत चालल्या होत्या. "हे असंच पसरत गेलं तर डोळा फुटेल," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. "मग काढूनच टाकावा लागेल. शुक्रवारी बघू. तोवर सगळं तुमच्या हातात, अम्मा." मग त्यांनी कुत्र्याच्या पायातून रक्त काढलं, ते यंत्रात घालून गरगरा फिरवलं, आणि वर आलेलं पिवळं पाणी एका इवल्याशा बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. हेच औषध. त्याचंच रक्त, त्याच्याच डोळ्यात, दर दोन तासांनी एक थेंब. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. "कुठल्या फ्रिजमध्ये?" मी विचारलं. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, त्यांना वाटलं मी कंपनी विचारतेय. "कुठलाही चालेल," म्हणाले. मग थेंब कसा सोडायचा ते करून दाखवलं: हनुवटी वर, अंगठ्यानं खालची पापणी ओढायची, आणि वरून सोडायचा. बाटलीचं तोंड डोळ्याला टेकता कामा नये. टेकलं की बाटली बाद. म्हणजे एच्चल, मी मनात म्हटलं. एवढं एक मला शिकवायला नको होतं.

घरी येऊन मी फ्रिज उघडला आणि उघडाच धरून उभी राहिले. वर दही. खाली दुसऱ्या दिवशीच्या इडलीचा मावु, फुगत आलेला. मधे नैवेद्याच्या दुधाचं भांडं. "ठेव गे कोठें तरी," मागून यजमान म्हणाले. "कोठें ठेवूं? रक्त अहे तें." "रक्त नव्हे तें. रक्तांतलं पाणी." "आणि ताक म्हणजे? दह्यांतलं पाणीच कीं. तें पितां ना तुम्ही?" त्यानंतर दोन दिवस त्यांनी ताकाला हात लावला नाही. फ्रिजच्या दारात अंडी ठेवायला खळगे असतात. आमच्या फ्रिजनं जन्मात अंडं पाहिलं नाही, त्या खळग्यांत आम्ही लिंबं ठेवतो, परसातलीच. मी लिंबं काढली, एक खळगा पुसला आणि त्यात ती बाटली बसवली. अगदी मापाची बसली. डोळ्यांत तेल घालून जपणं ऐकलं होतं, आमच्या वाट्याला रक्त घालून जपणं आलं. त्या दिवसापासून मी दही काढताना श्वास धरून काढत होते.

संध्याकाळी माझ्याकडे हिंदीच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. त्या ओच्या दिवशीही तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, ती वाक्प्रचार घोकत बसली होती, आँखों का तारा, आँखें बिछाना, आणि आतून घोरण्याचा आवाज आला की एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. भिंतीपलीकडची अखिला कपडे काढायला आली आणि पट्टाणीचा डोळा बघून दोन पावलं मागं सरली. "मद्रास आय का, मामी?" डोळे आले की आमच्याकडे त्याला मद्रास आय म्हणतात. लागण होते, म्हणून माणसं लांबूनच चौकशी करतात. तसलं काही नाही, काटा लागलाय, असं मी तिला सांगितलं. पण तो शब्द काही जाईना. आय. इंग्रजीत डोळा. आमच्यात जवळजवळ आई. आणि आमच्या रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी आयी म्हणजे शी. मूल आयी म्हणालं की त्याला तसंच उचलून परसात पळवायचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असल्या माणसांना हा शब्द फार जपून वापरावा लागतो. मी वाढले पश्चिम राजवीथीत, आजूबाजूला सगळी आमचीच घरं, एका पोरानं आई म्हटलं की चार खिडक्यांतून ओ यायची, म्हणून मला तो कधी टोचला नाही. श्रीविद्याच्या वेळी आम्ही इकडे नव्या वस्तीत राहायला आलो होतो. ती पहिलीत होती. शाळा सुटली, फाटकाशी बायकांची गर्दी, आणि ही गर्दीत मला शोधत ओरडत आली, "आई! आई!" अख्ख्या वर्गानं नाकं दाबली. "आयी! श्रीविद्याला आयी आली!" बायकाही हसल्या. पोरगी जागच्या जागी थांबली, दप्तर पोटाशी धरून, खालचा ओठ पुढं काढून. आणि मग तिला खरोखरीच झाली. पांढऱ्या मोज्यांवर ओघळ आला. मी तिला कडेवर घेतलं आणि टाऊन बसमध्ये चढले, आमच्याभोवती जागा आपोआप मोकळी झाली. आपल्या लेकराचं काढताना किळस येत नाही म्हणतात. खोटं आहे. येते. घशाशी येते. माझ्या कोपरावरून कोमट काहीतरी खाली उतरत होतं आणि मी खिडकीकडे तोंड करून तोंडानं श्वास घेत होते, आणि तिला आणखी घट्ट धरत होते, कारण सैल धरलं असतं तर तिला कळलं असतं. परसातल्या नळाखाली तिला धुतलं. टॉवेलातून तोंड बाहेर काढून ती म्हणाली, "आजपासून तू अम्मा." बरं, मी म्हटलं. काय वाद घालायचा. शब्दच तर होता.

मग शेजाऱ्यांची अम्मा, दूधवाल्याची अम्मा, डॉक्टरांची अम्मा, आणि तिचीही अम्माच झाले. या गावात बाईला अम्मा म्हणायला काही लागत नाही, भाजीवालीसुद्धा म्हणते. मला वाटत होतं त्या मोज्यांबरोबर तो शब्दही तिनं टाकून दिला. टाकला नव्हता. जपून ठेवला होता, आणि बंगळूरला, जिथं हसायला कुणी नव्हतं, तिथं बाहेर काढून या चपट्या तोंडाच्या प्राण्याला दिला. स्वतःला आई म्हणवून घेतलं. त्याच्यासाठी सोन्यासारखा शब्द, आणि जिच्या कोपरावर त्या शब्दाचे डाग पडले तिला "तुला नव्हे अम्मा". मला राग आला, आणि राग येताच पट्टाणी माझ्या पायाशी येऊन बसलं आणि त्यानं तो डोळा माझ्या साडीच्या काठाला घासला. काठावर पिवळी रेघ उमटली.

मंगळवारी आम्ही सगळं करून पाहिलं. टॉवेलात गुंडाळलं तर ते मागच्या मागं सुळकन निघून गेलं. इडलीचा तुकडा दाखवला तर तुकडा गेला आणि थेंब कानात पडला. यजमानांनी त्याचं डोकं गुडघ्यांत धरलं, तर त्यानं असा आवाज काढला की त्यांनीच घाबरून गुडघे उघडले. ते मऊ मनाचे आहेत, म्हणजे कामाचे नाहीत. त्यांनाच कल्पना सुचली की श्रीविद्याकडून आवाज भरून मागवावा. तिनं पाठवला: "आई येथें अहे, पट्टाणी, आई येथें अहे." लावला. कुत्रं गप्प झालं, खरं. मग ते फोनच्या मागं गेलं, वास घेतला. आई नव्हती. दाराशी गेलं, नव्हती. मग ते दाराच्या फटीशी नाक लावून रडायला लागलं आणि रडता रडता पंजानं तो डोळा चोळायला लागलं. आम्ही दोघं धावलो. आवाज पुन्हा लावला नाही.

बुधवारी डॉक्टरांनी फोनवर फोटो मागवला. बघून त्यांनी फोन केला. "खळगा खोल झालाय. थेंब पडतायत ना?" पडतात, मी म्हटलं, पण कुठं पडतात ते सांगितलं नाही. "उद्याचा दिवस बघू. पण मनाची तयारी ठेवा." मी फोन ठेवला आणि मनाची तयारी करून पाहिली. एक डोळा गेला तर असं काय मोठं? गल्लीत एक डोळ्याचं कुत्रं आहेच, लंगडंही आहे, मजेत उकिरडा फुंकतं. निदान रोजची ही घाण तरी सुटेल. असं मी उघड उघड मनात म्हटलं. आणि लगेच दिसलं ते असं: श्रीविद्या दारात उभी, पट्टाणीनं वर तोंड केलंय, त्यात एका बाजूला शिवलेली चामडी, आणि ती आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघतेय. बोलणार काही नाही. ती बोलत नसतेच. पण यापुढं जन्मभर त्या तोंडावरून तिची नजर माझ्यावर येणार. अम्मा म्हणते ती, तेवढंही तिच्या तोंडून मग कोरडंच निघेल. मला कुत्रं नको होतं, त्याचा डोळा मात्र हवा होता. असा विचित्र सौदा माझ्या नशिबी आला.

गुरुवारी पापनाशमला यजमानांच्या चुलतभावाकडे, कल्याणरामांकडे, श्राद्ध होतं. जायलाच हवं होतं. "मी नाहीं जात," ते चपला घालत म्हणाले. "जावा. तुम्ही अहांत म्हणून तरी काय होतंय?" मी म्हटलं. "एकटी कशी धरतेस त्याला?" "कशी तरी धरतें." बस निघून गेली असेल तेव्हा मी परसदाराच्या पायरीवर बसले. निऱ्या वर खोचल्या, कुत्र्याला मांड्यांमध्ये घेतलं, त्याची पाठ माझ्या पोटाला. इतक्या दिवसांत त्याला मी असं अंगाला लावलं नव्हतं. गरम होतं, चिक्कार गरम, आणि आतून सारखं थरथरत होतं. उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडवून मी डोळ्याखालची घडी पुसली. पिवळा चिकट धागा कापसाबरोबर लांबत आला, तुटेना. त्याच्याखाली चामडी लाल, केस झडलेले, आणि वास असा भपकन वर आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी बसमधल्यासारखा तोंडानं श्वास घेतला. "गप," म्हटलं. "चुम्मा इरु," तेच तमिळमध्ये. मग इंग्रजीत, "सिट," कारण ते बंगळूरचं. त्यानं मान झाडली. पहिला थेंब पायरीवर. दुसरा माझ्या गुडघ्यावर, पिवळा, रक्ताचं पाणी, माझ्या कातडीवर. बाटलीत आता तळाशीच राहिलं होतं. अंगठ्यानं पापणी ओढली तर ती माझ्या अंगठ्याखाली निसटली, माशासारखी ओली. मला रडू आलं. किळसेनं माणसाला रडू येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मग मी म्हटलं. आधी हळू. जीभ वळेना, इतक्या वर्षांत हा शब्द मी स्वतःबद्दल उच्चारलाच नव्हता. "आई," म्हटलं. त्याचा एक कान उठला. "आई अहे. आई येथें अहे." ते थांबलं. शोधायला गेलं नाही, दाराकडे बघितलं नाही. आवाज जिथून आला तिकडे, म्हणजे वर, माझ्याकडे, त्यानं हनुवटी उचलली, आणि तोंड वर करून थांबलं, आमच्या घरात पाणी प्यायला थांबतात अगदी तसं. मी वरून थेंब सोडला. बाटली टेकली नाही. थेंब बुबुळाच्या मधोमध पडला आणि पसरला. त्यानं डोळा मिटला, उघडला. आणि मग, मी बाटलीचं झाकण लावत असताना, त्यानं मान लांब करून माझं तोंड चाटलं. ओठांवरून. जीभ गरम, खरखरीत, कसल्या कसल्या वासाची. एच्चल. जन्मभर पेला ज्या ओठांना लागला नाही त्या ओठांवर. मी थू थू करत नळाकडे धावले आणि खरोखरीच ओकले, सकाळची कॉफीसुद्धा. ते माझ्या मागं मागं आलं आणि शेजारी बसून बघत राहिलं. भिंतीपलीकडून अखिलाचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं, आपल्या तमिळ कानांनी. "काय झालं मामी? नाय्-ला आयी आली का?" नाय् म्हणजे कुत्रं. मी तोंड धुतलं. हसू आलं, पाण्याचा फवारा उडाला. "आली गं अखिला," मी म्हटलं, "आली, आली."

त्या दिवशी दर दोन तासांनी मी त्याची आई झाले. प्रत्येक वेळी किळस आली. सवय होते वगैरे म्हणतात, तसलं काही झालं नाही. वास तोच, धागा तोच, आणि ती जीभ टाळायला मी मान अशी मागं घेत होते की संध्याकाळपर्यंत मान धरली. पण थेंब आत पडत होते. यजमान श्राद्धाचे वडे घेऊन परत आले तोवर शब्द माझ्या तोंडून सरळ निघायला लागला होता. त्यांच्यासमोर मात्र मी तो उच्चारला नाही. कुत्र्याला खोलीत नेलं, दार लोटलं आणि कुजबुजले.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर कृष्णस्वामींनी हिरवं पाणी घातलं, दिवा मारला आणि म्हणाले, "बघा." या वेळी मी बघितलं. खळग्याच्या कडा घट्ट झाल्या होत्या. पांढऱ्या भागातून बारीक लाल रेघा आत निघाल्या होत्या, बघायला ओंगळ, पण त्या भरून यायच्या खुणा आहेत असं ते म्हणाले. पांढरा ठिपका राहील. डोळाही राहील. त्यांनी रक्ताचं आणखी एक बाटलीभर पाणी दिलं, आणि मी ते पिशवीत दूध ठेवावं तसं उभं ठेवलं.

दुपारी श्रीविद्याचा फोन आला. पुन्हा तांदळाचा डबा, पुन्हा ओले केस. यजमान पुढं सरसावून सांगत होते, डोळा राहिला, डॉक्टर असं म्हणटले, तसं म्हणटले. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मग पडद्याजवळ तोंड आणून, त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या त्या लाडिक आवाजात तिनं हाक मारली, "पट्टाणी! आई येथें अहे, पाहा!" ते माझ्या पायाशी पडलं होतं. त्यानं डोकं उचललं. फोनकडे नाही, माझ्याकडे. "पट्टाणी! आई!" ते उठलं, माझ्या मांडीवर चढलं, पाठ माझ्या पोटाला लावली आणि हनुवटी वर करून थांबलं.

"अम्मा, हें काय?" श्रीविद्या म्हणाली.

"औषधाची वेळ झाली वाटलं असेल त्याला."

"आई म्हणटलं कीं तुझ्याकडं कां पाहतो?"

मी त्याची हनुवटी हातानं खाली करायला गेले. पण यजमानांच्या पोटात काही राहत नाही. "तीच म्हणत होती कीं. आई अहे, आई अहे म्हणून. अखिलानं सांगटलं मला." माझे कान तापले. चोरून गूळ खाताना धरावं तसं झालं. मला वाटलं ती हसेल. हसली असती तर मी फोन बंद केला असता, हे नक्की. ती हसली नाही. तिनं कॉफीचा मग खाली ठेवला. खालचा ओठ जरासा पुढं आला होता, शाळेच्या फाटकाशी आला होता तसा. ती माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवरच्या कुत्र्याकडे बघत होती, त्याचा पांढुरका डोळा, आणि त्याच्या हनुवटीखाली माझा हात.

"पट्टाणी," ती म्हणाली, "आईला त्रास देऊं नको हां."

ते माझ्या हातात जड झालं होतं, दोन्ही डोळे मिटून घोरायला लागलं होतं. झोपेतच नाक फुरफुरलं आणि ते शिंकलं, सरळ वर, माझ्या तोंडावर. ओलं, कोमट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. यजमान पंचा आणायला उठले.

"आई?" श्रीविद्या म्हणाली. कुत्रं हललं नाही.

शिंतोडे पुसायच्या आधीच मी ओ दिली.